जुबिलीचे वर्ष आणि मावळची जमीन

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त देवळाच्या पटांगणात भरलेल्या सभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सवाच्या या सप्ताहात देवळाचा पूर्वेतिहास, आमच्या आधीच्या धर्मगुरूंचे श्रम व शाळेची वाढ यांविषयी पुष्कळ सांगून झाले आहे, आणि ते यथायोग्यच झाले. आज चालकमंडळींनी आम्हांस बोलण्याची आज्ञा केली तेव्हा आम्ही मात्र एक निराळा विषय मागून घेतला. आपल्या मावळातील जो शेतकरी रासायनिक खते व विषारी औषधे यांचा भार उतरवून निसर्गाच्या क्रमाशी जुळेल अशी शेती करू इच्छितो, त्यास साहाय्य कशाचे होते आणि अडथळा कशाचा होतो, हा तो विषय होय. देवळाच्या महोत्सवात शेणखताची गोष्ट कशास, असे कोणाच्या मनात आले असेल तर आम्ही त्यास दोष देणार नाही. परंतु क्षणभर ‘जुबिली’ या शब्दाकडेच पाहावे, अशी विनंती आहे.

हा शब्द इस्राएली लोकांच्या नियमशास्त्रातून आला आहे. लेवीयाच्या पुस्तकात असा विधी सांगितला आहे की, दर सातव्या वर्षी जमिनीस विसावा द्यावा, आणि सात साते एकोणपन्नास वर्षे भरली म्हणजे पन्नासाव्या वर्षी शिंग फुंकून जुबिली जाहीर करावी. त्या वर्षी पेरणी करावयाची नाही, आणि दारिद्र्यामुळे ज्याने आपले वतन विकले असेल त्यास ते परत मिळावयाचे. म्हणजे पाहा, जुबिली हा मुळात मांडवाचा व मेजवानीचा सण नव्हे. तो जमिनीचा व जमीन गमावलेल्या माणसाचा सण आहे. तेव्हा पन्नासाव्या वर्षी जमिनीविषयी बोलणे हे विषयांतर नसून हाच मूळ विषय होय, असे आम्हांस वाटते.

तुमच्यापैकी कित्येकांची घराणी नगर जिल्ह्यातून इकडे आली. कोणी रेल्वेत लागले, कोणी तळेगाव-चाकणच्या कारखान्यांत, कोणी लोणावळ्याच्या हॉटेलांत. अशांस वाटेल की आमचा शेतीशी आता काय संबंध? संबंध रोजच्या ताटाचा आहे. ज्या इंद्रायणी तांदळाचा भात आपण खातो तो कोणी तरी गुडघाभर चिखलात उभा राहून लावलेला असतो. आणि ज्या ओढ्यांचे पाणी आपल्या विहिरींत झिरपते ते त्याच खाचरांतून येते.

प्रथम या शेतीची ओळख करून देतो. कोणी तिला सेंद्रिय म्हणतात, कोणी नैसर्गिक, कोणी आणखी काही. नावांच्या वादात आम्ही शिरत नाही. तिचे मर्म इतकेच की, पिकास लागणारे अन्न शक्य तितके शेतातून, गोठ्यातून व बांधावरून मिळवावे. एका पिकाचे उरलेले दुसऱ्याच्या उपयोगी पाडावे. किडीस आळा घालणारे पक्षी, बेडूक व कोळी यांस जगू द्यावे. आणि मातीतील असंख्य सूक्ष्म जीव हेच खरे मजूर आहेत हे ओळखून त्यांस उपाशी ठेवू नये. हे काही आजचे खूळ नव्हे. इंदूर येथे १९२४ ते १९३१ या काळात सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी पालापाचोळा, शेण व राख यांपासून उत्तम खत करण्याची जी पद्धत बसविली, तिच्यावरील १९३१ सालच्या ग्रंथावर त्यांच्यासोबत यशवंत वाड या सहकाऱ्याचेही नाव आहे. इंग्लंडहून शिकविण्यास आलेला हा गृहस्थ येथल्या शेतकऱ्यांपासूनच पुष्कळ शिकलो असे मोकळेपणाने कबूल करीत असे. तेव्हा ही विद्या परकी नाही, आणि केवळ जुनीही नाही.

आता आपल्या मावळाकडे या. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ या तिन्ही खोऱ्यांचा पावसाळा ज्याने पाहिला नाही त्यास येथली शेती समजावयाची नाही. लोणावळ्यास वर्षाकाठी ४००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. तेथून रेल्वेने तासाभराच्या आत असलेल्या तळेगावी त्याच्या निम्म्याहूनही कमी. या पावसात डोंगरउतारावरील माती व तिच्यातील सत्त्व वाहून जाते, आणि वरून फेकलेला युरियाही पाण्यासंगे ओढ्यास मिळतो. शेतकरी पुन्हा टाकतो, पुन्हा वाहते. पैसा त्याचा, आणि घाण सर्वांच्या पाण्याची. पूर्वीचे लोक उन्हाळ्यात शेण, पाला व डहाळ्या पसरून राब भाजीत, त्यावर रोप टाकीत. उतारावर नाचणी व वरई घेत. बांध घालून पाणी अडवीत. त्यांचे सर्व बरोबर होते असे नव्हे. राबासाठी झाडे छाटून छाटून डोंगर उघडे पडले, हाही इतिहासच आहे.

तसेच नवे ते सर्व वाईट असेही आम्ही म्हणणार नाही. इंद्रायणी हे वाण आपल्याच वडगाव येथील भात संशोधन केंद्रातून १९८७ साली बाहेर पडले. त्याचे एक कुळ आपला सुवासिक आंबेमोहर, आणि दुसरे फिलिपाइन्स देशातील संस्थेत निपजलेले आय. आर. ८. मायेचा सुगंध व परक्या कुळाचे बळ एकत्र आले आणि मावळच्या हजारो घरांत चार पैसे आले. विद्येने जे दिले ते कृतज्ञतेने घ्यावे. मात्र त्याची किंमत माती मोजत नाही ना, हेही पाहावे.

येथे आम्हांस आमची एक चूक सांगितली पाहिजे, कारण ती सांगितल्यावाचून पुढचे बोलण्याचा आम्हांस अधिकार नाही.

दिवंगत पोप महाराज फ्रान्सिस यांनी २०१५ साली पृथ्वी हे आपणा सर्वांचे सामाईक घर आहे या विषयावर जे परिपत्र काढले, ते वाचून आम्ही फार भारावून गेलो होतो. पुढे एका रविवारी व्यासपीठावरून आम्ही मोठ्या आवेशाने सांगितले की, या हंगामापासून युरिया सोडा. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान व धर्मशास्त्र शिकलो होतो. भाताचे रोप कधी हाताने लावले नव्हते. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांनी मान डोलावली व घरी जाऊन पूर्ववत शेती केली. एका कुटुंबाने मात्र आमचा शब्द खरा मानला. नाणे मावळात त्यांची दोन एकर खाचरे. त्यांनी त्या वर्षी सर्व खते एकदम बंद केली. कोणी सांगितल्यावरून जीवामृत केले: दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, मूठभर माती आणि दोनशे लिटर पाणी. श्रावणात भात पिवळा पडला. कापणीस पीक निम्म्यावर आले. घरातील मुलीच्या शिक्षणाचा खर्च भागविण्यास त्यांनी गाय विकली.

मंडळी, यातील विपरीत गोष्ट ध्यानी घ्या. जिच्या शेणावर ती नवी शेती उभी राहावयाची, तीच गाय त्या शेतीच्या तोट्यापायी गेली. तो गृहस्थ आम्हांस एक शब्दही बोलला नाही. त्याची पत्नी मात्र देवळाच्या पायरीवर एवढेच म्हणाली, “फादर, जमिनीला एकाएकी उपास घडवून कुणाचा नवस फिटत नाही.” आम्ही पुष्कळ प्रवचने ऐकली व केली आहेत, परंतु या विषयावर याहून नेमके वाक्य आमच्या ऐकण्यात नाही.

तेव्हापासून आम्ही उपदेश कमी केला आणि विचारणे अधिक केले. शेतकऱ्यांस, कृषी सहायकांस, गिरणीवाल्यांस, बायाबापड्यांस विचारून जे समजले ते आता सांगतो.

पहिला अडथळा पहिल्या तीन वर्षांचा. रासायनिक खतावर वाढलेली जमीन एकदम मोकळी सोडली तर सूक्ष्म जीवांची वस्ती पुन्हा वाढेपर्यंत पीक बहुधा घटते. ज्याच्याकडे शिलकी आहे तो हा काळ काढील. ज्याचे घर त्याच पिकावर आहे तो कसा काढील? एका घराचे जे झाले तेच एका राष्ट्राचेही होऊ शकते. २०२१ साली श्रीलंकेच्या सरकारने रासायनिक खतांची आयात एकाएकी बंद केली. भाताचे उत्पन्न घसरले, तांदूळ बाहेरून आणावा लागला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तो हुकूम मागे घेण्यात आला. हेतू चांगला होता. परंतु जमिनीस व शेतकऱ्यास वेळ दिला नाही.

दुसरा अडथळा खताचा. भातास हेक्टरी दहा टन शेणखत घालावे असे सांगतात. एका बैलगाडीत अर्धा टन धरला तरी वीस गाड्या झाल्या. हल्ली नांगरटीस व चिखलणीस यंत्र येते. बैल गेले, गोठे ओस पडले. मग शेणखत आणावयाचे कोठून? दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण कालवून एकराचे पोट भरेल काय, अशी शंका कित्येक शास्त्रज्ञांनी काढली आहे, आणि आमच्या त्या गृहस्थाचा अनुभव पाहता ती उगाच नव्हे. जीवामृत हे विरजण आहे असे म्हणता येईल. पण विरजण घालण्यास आधी दूध हवे. शेतात पालापाचोळा व सेंद्रिय माल असेल तरच ते उपयोगी पडते.

तिसरा अडथळा मजुरीचा व किमतीचा. रोप ओळीत लावणे, हाताने बेणणी करणे, पाला कापून आणणे ही सर्व हातांची कामे. आणि तरणे हात कारखान्यांच्या पाळीवर गेले आहेत. जी कामे उरतात ती बहुतांशी स्त्रियांच्या पाठीवर येतात, आणि सातबाऱ्यावर मात्र त्यांचे नाव क्वचितच असते. इकडे युरियाची ४५ किलोची गोणी सरकारच्या साहाय्यामुळे २६६ रुपये ५० पैशांस मिळते. तेवढ्या रकमेत दिवसभराचा एक मजूरही मिळत नाही. मग शेतकऱ्याने गोणी उचलली तर तो अडाणी आहे असे कसे म्हणावे? त्याचा हिशेब चोख आहे. हिशेबाची वहीच तशी आखलेली आहे.

चौथा अडथळा शेजाराचा. भाताचे खाचर हे एकटे नसते. वरच्या खाचराचे पाणी खालच्यात उतरते. वरच्याने तणनाशक मारले तर खालच्याचा संकल्प पाण्यात गेला. आपले शेजारी निरनिराळ्या धर्मांचे व जातींचे आहेत, पण पाणी कोणास त्याचा धर्म विचारीत नाही. यास्तव हे काम एका धर्मग्रामाचे होऊ शकत नाही. ते एका ओढ्याचे, एका गावाचे काम आहे.

पाचवा अडथळा सर्वांत मोठा, आणि तो जमिनीच्या मालकीचा. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे गेली तेव्हापासून मावळ हा मुंबई व पुणे यांच्या मधला रस्ता झाला. डोंगरांत धरणे झाली आणि कित्येक गावांची भाताची जमीन पाण्याखाली गेली. पवनेचे पाणी बंद नळातून शहराकडे नेण्याच्या प्रश्नावर ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे आंदोलनावर गोळीबार झाला व तीन शेतकरी बांधव मृत्यू पावले. त्यांत एक भगिनी होती. २००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाल्यावर तर गुंठ्याचे भाव असे चढले की, दहा पिढ्यांच्या भाताची किंमत एका सहीने मिळू लागली. आता ज्याच्या मनात आज ना उद्या जमीन विकावयाची आहे, तो तिच्या बांधावर झाड का लावील? आणि जो दुसऱ्याची जमीन वाट्याने करतो तो तरी का लावील? १९४८ च्या कुळकायद्याने कुळांचे मोठे कल्याण केले. परंतु त्याच्या धास्तीने कित्येक मालक आज जमीन तोंडी बोलीने व एकाच वर्षासाठी देतात. माती सुधारावयास पाच वर्षे लागतात, आणि बोली एका वर्षाची असते.

हे आम्ही पुस्तकातून सांगत नाही. आपल्या देवळामागे ओढ्याकाठी जे खाचर आहे ते आपलेच एक बंधू कित्येक वर्षे वाट्याने करतात. त्यांस आम्ही एकदा म्हणालो, “बांधावर गिरिपुष्पाची झाडे लावा, पाल्याचे खत होईल.” ते म्हणाले, “लावतो की फादर. पण पुढल्या वर्षी हे खाचर माझ्याकडे राहील ना?” आम्हांस उत्तर देता आले नाही. झाडे लागली नाहीत.

असो. अडथळ्यांची यादी येथे पुरी करतो. आता साहाय्य कशाचे होते ते पाहू. कारण निराश होऊन घरी जाण्यास आपण जमलेलो नाही.

पहिले साहाय्य पायरीपायरीने चढण्याचे. डॉ. नारायण सावंत यांनी भातासाठी जी चारसूत्री पद्धत बसविली ती कोकणात व मावळात पुष्कळांच्या परिचयाची आहे. पहिले सूत्र, भाताचेच अवशेष पुन्हा शेतात घालावेत: रोपवाटिकेत तुसाची राख व खाचरात पेंढा, म्हणजे रोपास सिलिका मिळून ते ताठ व काटक होते. दुसरे, चिखलणीच्या आठवडाभर आधी गिरिपुष्पाचा हिरवा पाला गुंठ्यास सुमारे तीस किलो पसरावा. तिसरे, दोन-तीन रोपांचा चूड १५ व २५ सेंटिमीटर अशा आलटून-पालटून अंतरावर लावावा. चौथे, चार चुडांच्या मधोमध युरिया व डीएपी यांची एक गोळी हाताने चिखलात खोल खोचावी. पावणेतीन ग्रॅमची ही गोळी हवाबंद चिखलात राहून हळूहळू पिकास मिळते. ओढ्यास जात नाही. ही पद्धत रसायनमुक्त नव्हे, हे उघड आहे. परंतु ज्यास एकदम उडी मारता येत नाही त्यास ही भक्कम पायरी आहे. आणि बांधावर गिरिपुष्प वाढले की पुढली पायरी सोपी होते.

घाटाखाली नेरळ येथे चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा भात तंत्र नावाची दुसरी एक रीत रूढ केली. तीत चिखलणी नाही, लावणी नाही. कायमचे गादीवाफे, त्यांवर टोकणी, आणि आधीच्या पिकाची मुळे जमिनीतच ठेवावयाची. त्यामुळे कष्ट वाचतात व मातीत गांडुळे वाढतात. तीत तणनाशकाचा उपयोग करतात, ही तिची उणी बाजू आम्ही झाकत नाही. कोणतीही रीत पूर्ण नाही. ज्याच्या शेतास जे मानवेल ते त्याने तपासून घ्यावे.

दुसरे साहाय्य भातानंतरच्या द्विदल पिकाचे. भात निघाल्यावर खाचरात जी ओल उरते तिच्यावर हरभरा, वाटाणा, मसूर किंवा वाल येतो. या पिकांच्या मुळांवरील गाठींत राहणारे जीवाणू हवेतील नत्र धरून ठेवतात. ते खत कोणत्याही दुकानात जाऊन आणावे लागत नाही, आणि घरच्या मुलांस डाळ मिळते ती निराळी. मात्र त्यासाठी कापणीनंतर मोकळी सोडलेली गुरे आवरली पाहिजेत, आणि ते सर्व गावाने ठरविल्यावाचून होत नाही.

तिसरे साहाय्य संगतीचे. आपल्या आजोबांच्या वेळी इर्जिक घालीत. आज तुझ्या शेतात सर्वांनी, उद्या माझ्या शेतात सर्वांनी. पैसा नव्हता तरी लावणी अडत नसे. नगर जिल्ह्यातून आलेल्या मंडळींस येशूसंघाचे फादर हर्मन बाखर आठवत असतील. स्वित्झर्लंडमधून आलेल्या या धर्मगुरूंनी दुष्काळी गावांत पाणलोटाचे काम उभे केले, १९९३ साली ‘वॉटर’ ही संस्था स्थापण्यात पुढाकार घेतला, आणि २०२१ साली ते देवाघरी गेले. श्रमदान, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी ही गावाने आपखुशीने पत्करावी, आणि जे ठरवावयाचे ते सर्व गावाने मिळून ठरवावे, असा त्यांच्या कामाचा पाया होता. त्याच जिल्ह्यातील अकोले तालुक्यात कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी शाळेचे तोंड न पाहता गावरान बियाण्यांचा संग्रह केला, बायफ संस्थेची त्यांस साथ मिळाली, आणि २०२० साली त्यांस पद्मश्री जाहीर झाली. बी घरचे असले की शेतकऱ्याचा अर्धा धीर घरचा असतो.

सरकारनेही आता संगतीचे महत्त्व ओळखले आहे. २०१५ साली सुरू झालेल्या परंपरागत कृषी विकास योजनेत वीस हेक्टरांचा गट करून तीन वर्षे साहाय्य देण्याची तजवीज झाली, आणि गटातील शेतकऱ्यांनीच एकमेकांच्या शेताची पाहणी करून प्रमाणपत्र मिळविण्याची सोय आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने नैसर्गिक शेतीच्या राष्ट्रीय अभियानास २४८१ कोटी रुपयांची मान्यता दिली व एक कोटी शेतकऱ्यांपर्यंत पोहोचण्याचा संकल्प केला. हे पैसे आपोआप मावळच्या बांधावर येऊन पडणार नाहीत. गट करून, कागद घेऊन, कृषी कार्यालयाची पायरी चढावी लागेल. आपल्यातील जे लिहिणारे-वाचणारे तरुण आहेत त्यांनी हे लेखणीचे काम तरी अंगावर घ्यावे.

चौथे साहाय्य गिऱ्हाइकाचे. निराळ्या कष्टाचे भात गिरणीत नेऊन सर्वांच्या ढिगात मिसळले तर निराळा भाव कोण देणार? दर शनिवारी-रविवारी लोणावळ्यास हजारो लोक येतात व चिक्की घेऊन जातात. त्यांतील थोड्यांनी पाच किलो मावळचा तांदूळ नेला तरी पुष्कळ झाले. पण परक्यांची वाट कशास पाहावी? या मांडवात पगारदार घरे पुष्कळ आहेत. त्यांनी ज्येष्ठात, पेरणीच्या वेळी, आपल्या ओळखीच्या शेतकऱ्याशी वर्षाच्या तांदळाची बोली करून थोडी रक्कम आगाऊ दिली, तर त्यास सावकाराकडे जावे लागणार नाही. आणि पीक थोडे घटले तर तो भार एका घरावर न पडता दहा घरांवर वाटला जाईल.

आता त्या नाणे मावळातील कुटुंबाचे पुढे काय झाले ते सांगतो. दुसऱ्या वर्षी त्यांनी पुन्हा युरिया घातला, आणि आम्ही त्यांस काही बोललो नाही. तिसऱ्या वर्षी एका कृषी सहायकाच्या सल्ल्याने त्यांनी दहा गुंठेच वेगळे काढले. बांधावर गिरिपुष्प लावले, पेंढा शेतात गाडला, मागून हरभरा घेतला. त्या दहा गुंठ्यांचे पाहून पुढे आणखी दहा. आज त्यांचा युरिया निम्म्याने उतरला आहे आणि भात पूर्वीइतकेच होते. गोठ्यात पुन्हा एक गाय आहे. याहून मोठा चमत्कार आम्ही सांगू शकत नाही. परंतु जे आहे ते खरे आहे.

शेवटी देवळामागच्या खाचराविषयी. तुम्हांस ठाऊक आहे की महोत्सवाचे सभागृह बांधण्यास पैसा कमी पडत आहे, आणि ते खाचर विकावे अशी सूचना पुढे आली आहे. सूचना करणारे बंधू धर्मग्रामाचे हितचिंतकच आहेत, आणि सभागृहाची गरजही खरी आहे. लग्नकार्यास पावसात मांडव घालण्याचे हाल आम्हीही पाहिले आहेत. निर्णय आमच्या एकट्याच्या हाती नाही. तो महागुरुस्वामींच्या अनुज्ञेने व्हावयाचा. परंतु आमचे मत विचाराल तर आम्ही उघड सांगतो: ज्या पन्नासाव्या वर्षी विकलेली जमीन परत करावयाची, त्याच वर्षी असलेली जमीन विकून आम्ही शेतकऱ्यास कोणत्या तोंडाने सांगावे की, बाबा रे, जमीन राख?

आमचे मागणे असे आहे. ते खाचर विकू नये. कायदेपंडितांचा सल्ला घेऊन, जे बंधू ते कसतात त्यांच्याकडेच निदान दहा वर्षे ते राहील असा लेखी शब्द द्यावा. त्यांनी त्यात पायरीपायरीने नवी शेती करावी, व पहिल्या तीन वर्षांत जी तूट येईल ती महोत्सवनिधीतून भरून द्यावी. त्यांच्यासारखेच आणखी जे कोणी दहा गुंठ्यांवर प्रयोग करू इच्छितील, मग ते आपल्या धर्माचे असोत वा नसोत, त्यांचीही तूट शक्य तितकी आपण वाटून घ्यावी. सभागृह दोन वर्षे उशिराने झाले तरी चालेल. मांडवास आम्ही स्वतः मेढी रोवू.

एकेकाळी आम्ही दुसऱ्याच्या जमिनीवर व्रत लादले आणि त्याची गाय गेली. आता जे व्रत घ्यावयाचे ते आपल्या स्वतःच्या खाचरापासून घ्यावे, आणि त्याची झीज सर्वांनी मिळून सोसावी, एवढेच आम्ही त्या अनुभवातून शिकलो. पेरणाऱ्याचा दाखला आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकला आहे. त्यातील बी सर्वत्र तेच होते. निराळी होती ती जमीन. चांगली जमीन आयती मिळत नाही, ती पिढ्यान्‌पिढ्या करावी लागते.

पुढल्या रविवारी मिस्सानंतर या प्रस्तावावर सभा आहे. सर्वांनी यावे, स्त्रियांनी अगत्याने यावे, कारण चिखलात अधिक वेळ त्या उभ्या असतात. ज्यांस आमचे म्हणणे पटले नाही त्यांनी तर अवश्य यावे व बोलावे. गिरिपुष्पाची छाटे कोठून आणावयाची त्याची चौकशी आम्ही करून ठेवली आहे. पावसाची पहिली सर येण्यापूर्वी ती बांधावर लागली पाहिजेत.

परमेश्वर तुमच्या शेतांस, गोठ्यांस व घरांस आशीर्वाद देवो.